घरी बिअर करताना भांडी कशी स्वच्छ ठेवावीत

घरी केलेली बिअर आंबूस निघाली की दोष बहुधा माल्टला (मोड आणून वाळवलेल्या धान्याला) किंवा यीस्टला दिला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा भांड्यांत, आणि त्यातही नजर पोहोचत नाही अशा जागी दडलेला असतो. थंड केलेला वॉर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, साखरेने आणि पोषक द्रव्यांनी भरलेला असल्यामुळे यीस्टला तो जितका मानवतो, तितकाच लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस हे आंबवणारे जिवाणू आणि रानटी यीस्ट यांनाही मानवतो. बिअर नासण्यामागे असे परके सूक्ष्मजीव असतात, हे लुई पाश्चर यांनी 1870च्या दशकातच दाखवून दिले होते.

धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. सुकलेला फेस, यीस्टचा साका किंवा हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चिकट राळेसारखा थर भांड्याला चिकटलेला असेल, तर त्यावर कितीही जंतुनाशक ओतले तरी ते थराच्या वरच राहते आणि खालचे जंतू सुरक्षित राहतात. येथे ‘निर्जंतुक’ हा शब्द सोयीसाठी वापरला आहे, हेही सांगितले पाहिजे. घरात जंतूंचा संपूर्ण नायनाट होत नाही, त्यांची संख्या इतकी घटते की आपण घातलेले यीस्ट आधी ताबा घेते.

धुण्याची खरी वेळ म्हणजे भांडे रिकामे होताच. ओला साका पाण्याच्या धारेने निघतो, पण तोच दोन दिवसांनी खरवडावा लागतो आणि प्लॅस्टिकचे पिंप खरवडले की त्यावर ओरखडे पडतात, ज्यांत पुढच्या खेपेचे जंतू आश्रय घेतात. म्हणून प्लॅस्टिकसाठी तारेची किंवा खरखरीत घासणी कधीही वापरू नये; मऊ फडके आणि भिजवण्यास दिलेला वेळ पुरेसा असतो. भिजवण्यासाठी सोडियम परकार्बोनेट उत्तम: लिटरमागे साधारण 5 ग्रॅम गरम पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवावे आणि नंतर दोनदा खळखळून धुवावे. प्लॅस्टिकसाठी पाणी कोमटच ठेवावे, कारण कढत पाण्याने ते वाकडे होते. काचेच्या थंड बरणीत एकदम गरम पाणी ओतल्यास ती तडकते. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला कॉस्टिक सोडा लावू नये, तो धातूच खातो. सुगंधी भांडी धुण्याचा साबणही टाळलेला बरा, कारण त्याचा वास प्लॅस्टिकमध्ये मुरतो आणि त्याचा अंश पेल्यात राहिला तर बिअरचा फेस टिकत नाही.

सर्वांत जास्त लक्ष पिंपाच्या तोटीकडे द्यावे. माझ्या तीन खेपा ओळीने आंबल्या, तेव्हा पिंप, नळ्या, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप) सारे बदलून झाले होते. शेवटी तोटी उघडली आणि आतल्या रबरी कडीमागे करड्या रंगाचा बुळबुळीत थर सापडला. तेव्हापासून प्रत्येक खेपेनंतर तोटी पूर्ण सुटी करून, कडी काढून, प्रत्येक भाग वेगळा भिजवतो. झाकणाच्या खाचेलाही हाच नियम लागू होतो. सायफनची, म्हणजे एका भांड्यातून दुसऱ्यात बिअर उतरवण्याची, नळी मात्र आतून नीट घासता येत नाही, त्यामुळे वापरल्याबरोबर तिच्यातून गरम पाणी सोडावे, ती टांगून वाळवावी आणि आत ढगाळपणा दिसू लागला की फेकून द्यावी. नळी स्वस्त असते.

निर्जंतुक करण्याचे काम वापराच्या अगदी आधी करावे. फॉस्फरिक आम्लावर आधारलेली, न धुता चालणारी द्रावणे सोयीची असून पृष्ठभाग एक-दोन मिनिटे ओला राहिला की पुरते. मागे राहणाऱ्या फेसाची भीती बाळगू नये. तो धुऊन काढण्यासाठी वापरलेले नळाचे पाणीच नवे जंतू आणण्याची शक्यता अधिक. आयोडीनचे द्रावणही चालते, मात्र ते प्लॅस्टिकवर डाग पाडते आणि रंग उडाला की निकामी झाले असे समजावे. ब्लीच वापरण्याची वेळ आलीच, तर ते पाण्याने अतिशय सौम्य करावे, नंतर उकळून थंड केलेल्या पाण्याने भरपूर धुवावे आणि स्टीलमध्ये ते साठवून ठेवू नये. क्लोरीनचा अंश राहिल्यास त्यापासून क्लोरोफेनॉल तयार होतात आणि बिअरला औषधी वास येतो. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

वॉर्ट उकळत असेपर्यंत पातेल्यातील पळीची काळजी करण्याचे कारण नाही. आच बंद झाल्यावर मात्र वॉर्टला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू, थर्मामीटर आणि यीस्टच्या पाकिटाचे तोंड कापणारी कात्रीसुद्धा, निर्जंतुक असली पाहिजे. वॉर्ट थंड करण्याचे वेटोळे उकळी संपण्याच्या 15 मिनिटे आधी पातेल्यात सोडले की ते आपोआप निर्जंतुक होते.

बाटल्या ओतल्याबरोबर विसळाव्यात आणि प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून तळ पाहावा. तळाशी साक्याचे कडे दिसत असेल तर ती पुन्हा भिजवावी, कारण तिथे टिकून राहिलेले रानटी यीस्ट उरलेली साखर खात राहते आणि वाढलेल्या दाबाने बाटली फुटू शकते.