‘बंगलोर डेज’ आणि त्याचे रिमेक कसे पाहावेत

अंजली मेनन यांनी लिहून दिग्दर्शित केलेला मल्याळम ‘बंगलोर डेज’ (२०१४), भास्कर यांचा तमिळ ‘बंगलोर नाटकल’ (२०१६) आणि राधिका राव व विनय सप्रू यांचा हिंदी ‘यारियाँ २’ (२०२३) हे तीन चित्रपट तुलनेसाठी पाहायचे असतील, तर याच क्रमाने आणि मध्ये काही दिवस जाऊ देऊन पाहावेत, कारण लागोपाठ पाहिल्यास नजर केवळ उणिवा शोधत राहते.

मूळ चित्रपट उपशीर्षकांसह पाहावा आणि कथानक टिपण्याऐवजी कुंजू, कुट्टन व अजू या तीन भावंडांपैकी कोण केव्हा पडद्यावर नसते, हे टिपावे. नाझरिया, निविन पॉली, दुलकर सलमान, फहाद फासिल आणि पार्वती एकत्र असूनही चित्रपट कोणा एकाचा होत नाही, याचे मर्म या वाटणीत आहे; मेनन यांना पटकथेसाठी केरळ राज्य पुरस्कार मिळाला, तो मला म्हणूनच रास्त वाटतो. कुंजूचा नवरा दास (फहाद) एवढा अबोल का, हे उत्तरार्धात उलगडले की त्याचे सुरुवातीचे प्रसंग पुन्हा पाहावेत. तेव्हा तुसडेपणा वाटलेली गोष्ट दुःख होती, हे ध्यानात येते.

तमिळ रिमेकमध्ये तुलनेसाठी आयती मोजपट्टी मिळते. व्हीलचेअर वापरणाऱ्या रेडिओ निवेदिकेची, म्हणजे साराची, भूमिका तिथेही पार्वतीनेच केली असून संगीतही गोपी सुंदर यांचेच आहे. त्यामुळे सारा आणि अजू यांचे प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत: नायिका तीच असताना जे बदलते, ते समोरच्या नटामुळे (तमिळमध्ये आर्या) आणि दिग्दर्शकाने दिलेल्या वेळामुळे बदलते.

हिंदी रिमेक पाहताना मात्र नटांपेक्षा स्थळाकडे लक्ष द्यावे. मल्याळी कुट्टनला बंगळूर परके वाटते, त्यात कन्नड या अनोळखी भाषेचाही वाटा असतो, आणि त्याच्या आईला तेच शहर मानवते, ही गंमत त्या परकेपणावरच उभी आहे. हिंदीत भावंडे शिमल्याहून मुंबईला येतात. भाषेची ती भिंत मध्ये उरत नसल्याने गाव सुटल्याची हुरहुर दिग्दर्शकांनी दुसऱ्या कशातून उभी केली आहे, किंवा केलीच आहे का, हे प्रत्येकाने स्वतः तपासावे.