ह्यूगोची साइट बिल्ड व्हायला वेळ लागतोय? पार्शल कॅश करून बघा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावांची माहिती देणारी एक साइट मी ह्यूगोवर (साइटची सगळी पानं आधीच बनवून ठेवणारं सॉफ्टवेअर) चालवतो, साडेसातशेच्या आसपास पानं, प्रत्येक पानाला तोच फूटर आणि बाजूला त्या तालुक्यातल्या गावांची यादी. आता ह्यूगो मुळात फास्टच, पण प्रत्येक बिल्डला, म्हणजे साइटची पानं नव्यानं बनवताना, तो एकच फूटर साडेसातशे वेळा नव्यानं बनतोय हे कळल्यावर मला राहवेना. लग्नपत्रिकेचा मजकूर एकदाच जुळवतात, पाकिटावरचं नाव तेवढं वेगळं, इथं तसंच करायचंय. टेम्प्लेट म्हणजे पानाचा साचा, त्यातला अनेक पानांत वापरायचा तुकडा म्हणजे पार्शल, आणि तो एकदा बनवून साठवून परत परत वापरणं म्हणजे कॅश करणं.

आधी मोजा, अंदाजानं हात घालू नका. बिल्डच्या कमांडला टेम्प्लेटमेट्रिक्स आणि टेम्प्लेटमेट्रिक्सहिंट्स हे दोन फ्लॅग लावले की टर्मिनलवर टेबल येतं, कुठलं टेम्प्लेट किती वेळा चाललं, किती वेळ खाल्ला सगळं दिसतं. त्यात कॅश पोटेन्शियलच्या कॉलममध्ये 100 असलं म्हणजे तो तुकडा दरवेळी हुबेहूब सारखाच निघालाय. (वेळांची बेरीज बिल्डच्या वेळेपेक्षा जास्त भरते, कारण पानं समांतर बनतात, ते बरोबरच आहे.) माझा फूटर 100 वर होता पण वेळ किरकोळ, खरा वेळ खात होती ती तालुक्याची यादी, प्रत्येक पानाला सगळी गावं चाळायची, गाळायची, परत अकारविल्हे लावायची.

फूटरचं सोपं आहे. टेम्प्लेटमध्ये जिथं पार्शल लिहिलंय तिथं पार्शलकॅश्ड लिहा, मधला सी कॅपिटल, बाकी ओळ शेवटच्या डॉटसकट तशीच (हा डॉट म्हणजे चालू पानाची माहिती).

यादीला मात्र त्या डॉटनंतर स्पेस देऊन आणखी एक गोष्ट द्यावी लागते, पानाचा तालुका, म्हणजे डॉट पॅरम्स डॉट तालुका. याला व्हेरियंट म्हणतात. आपले तालुके 12, म्हणून यादी साधारण 12 वेळाच बनते, करवीरची करवीरच्या पानांना, आजऱ्याची आजऱ्याला. बिल्ड एकदम नादखुळा पळायला लागतो.

आता नीट ऐका, कारण इथंच मी फसलो होतो. तो डॉट दिला म्हणून ह्यूगो पानागणिक वेगळी कॉपी ठेवत नाही, कॅश ओळखतो ती फक्त पार्शलच्या नावावरून आणि व्हेरियंटवरून. मी चालू पान ठळक दाखवणारा मेनू व्हेरियंट न देता कॅश केला आणि शाहूवाडीच्या पानावर पन्हाळा ठळक दिसायला लागला, पुढच्या बिल्डला गगनबावडा! जे पान आधी बनेल त्याचाच मेनू सगळ्यांना चिकटतो. त्यामुळं पानाचं टायटल, डिस्क्रिप्शन असलेला हेडचा भाग असा कॅश करूच नका, सगळ्या पानांना एकच टायटल लागेल आणि डोळ्याला पटकन दिसणारही नाही.

ही कॅश त्या बिल्डपुरतीच असते, फूटर बदलला की पुढच्या बिल्डला नवा येतो, काही पुसत बसायला नको.

शेवटी, बदल करायच्या आधीचा पब्लिक फोल्डर (तयार पानं यात येतात) बाजूला ठेवा, नवा बिल्ड काढा आणि दोन्हींचा डिफ घ्या, म्हणजे कुठं काय बदललंय ते ओळीओळीनं ताडून बघा. एका ओळीचाही फरक दिसला तर तो तुकडा परत साध्या पार्शलवर न्या, नाहीतर योग्य व्हेरियंट द्या, आणि डिफ रिकामा आल्याशिवाय साइट अपलोड करू नका.