दोन अवकाश दुर्बिणींची सौर चुंबकीय मोजमापं जुळवताना

सूर्याभोवती फिरणाऱ्या सोलर ऑर्बिटर यानावरचं फाय आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एसडीओ यानावरचं एचएमआय ही दोन्ही उपकरणं सूर्याच्या पृष्ठभागावरचं चुंबकीय क्षेत्र मोजतात. त्यासाठी दोन्ही लोहाची एकच वर्णरेषा (वर्णपटातली गडद रेघ) वापरतात, ६१७३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची. तरी एकाच सौरडागाचे आकडे दोघांकडून वेगळे येतात. फरक दिसला म्हणून लगेच एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळवणारा गुणक काढायला बसू नका. आधी कोन, वेळ आणि पिक्सेल जुळवा. त्यातच फरकाचा बराचसा भाग निघून जातो.

सोलर ऑर्बिटर सूर्य-पृथ्वी रेषेजवळून जातो ते दिवस निवडा. मार्च २०२२ मध्ये तो सूर्यापासून सुमारे ०.५ खगोलीय एककावर (एक एकक म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर) असताना असा योग आला होता. एसडीओ सतत छायाचित्रं घेतच असतं, त्याला वेगळी विनंती लागत नाही. फायचं वेळापत्रक मात्र कित्येक महिने आधी ठरतं. डेटा पाठवण्याची क्षमता तुटपुंजी असल्याने फाय चुंबकीय क्षेत्राचं गणित यानावरच करू शकतं. शक्य असेल तर थोड्या संचांसाठी कच्च्या ध्रुवीकरण प्रतिमाही (ज्यांवरून क्षेत्र काढतात त्या मूळ प्रतिमा) मागून घ्या, नाहीतर चूक उपकरणात आहे की गणितात, हे नंतर कळत नाही.

क्षेत्राचा दृष्टिरेषेतला घटक, म्हणजे आपल्या दिशेने असलेला भाग, कोनावर ठरतो. क्षेत्र पृष्ठभागावर उभं धरलं तर बिंबाच्या मध्यावर १० अंशांच्या फरकाने जेमतेम १.५ टक्के घट येते. तोच फरक ६० अंशांवरच्या डागाला ७० अंशांवर नेतो तेव्हा घट ३२ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून कडेचे पिक्सेल सरळ वगळा.

वेळेत सगळ्यात जास्त घोळ होतो. प्रकाशाला एक खगोलीय एकक कापायला ४९९ सेकंद लागतात. यान ०.५ एककावर असेल तर त्याने टिपलेलं दृश्य एसडीओला सुमारे २५० सेकंद उशिरा दिसतं. फायच्या फाइलमध्ये पृथ्वीपुरती दुरुस्त केलेली वेळ ‘डेट-इअर’ या नोंदीत असते, ती घ्या. एचएमआयची ‘टी-ऑब्स’ वेळ टीएआय (आण्विक घड्याळांची वेळ) पद्धतीची असते आणि २०१७ पासून ती यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ३७ सेकंद पुढे आहे. एचएमआयचं चित्र दर ४५ सेकंदांनी येतं, म्हणजे ही दुरुस्ती राहिली की जवळपास एक अख्खं चित्र चुकलं. विषुववृत्तावर सूर्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे २ किमी सरकतो. दहा मिनिटांची चूक म्हणजे १,२०० किमी, एचएमआयचे तीनेक पिक्सेल.

आता पिक्सेल. फायच्या मोठ्या दुर्बिणीचा अर्ध्या विकलेचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) पिक्सेल ०.५ एककावरून सुमारे १८० किमी व्यापतो, एचएमआयचा ३६० किमी. म्हणून फायचं चित्र आधी एचएमआयइतकं धूसर करा, मग २×२ पिक्सेलची सरासरी घ्या. ही सरासरी चिन्हासकट घ्यायची. निरपेक्ष मूल्यांची घेतली तर शेजारच्या विरुद्ध ध्रुवांची क्षेत्रं एकमेकांना छेदत नाहीत आणि शांत भागात क्षेत्र फुगलेलं दिसतं. एचएमआयची चित्रं साधारण १८० अंश फिरलेली येतात, ती सरळ करून घ्या. यानाच्या नोंदीतल्या दिशेवर विसंबू नका, तुकड्यातुकड्याने दोन्ही चित्रांचा सहसंबंध (साम्य) काढून पिक्सेलच्या अंशापर्यंत जुळवा.

एचएमआयच्या ४५ सेकंदांच्या चित्रात साधारण १० गॉस (चुंबकीय क्षेत्राचं एकक) गोंगाट असतो, ७२० सेकंदांच्या चित्रात ६. आता दोन्ही उपकरणांचे आकडे आलेखाच्या दोन अक्षांवर मांडून त्यातून रेषा काढा, तिचा उतार हाच गुणक. साध्या किमान-वर्ग पद्धतीत सगळा गोंगाट एकाच अक्षाच्या माथी मारला जातो आणि उतार कमी येतो. दोन्ही अक्षांची चूक धरणारी लंब-समाश्रयण पद्धत वापरा.

डागाच्या गडद भागाचा आलेख वेगळा काढा. तिथे ३,००० गॉसला वर्णरेषा चुंबकीय क्षेत्रामुळे दुभंगून दोन्ही बाजूंना सुमारे १३३ मिलिअँगस्ट्रॉम सरकते. एसडीओच्या कक्षेतल्या सेकंदाला ३ किमी वेगामुळे होणारे आणखी ६० धरले की ती एचएमआय मोजतं त्या ±१७२ मिलिअँगस्ट्रॉमच्या पट्ट्याबाहेर जाते. एचएमआयच्या क्षेत्रात १२ आणि २४ तासांची चढउतार दिसते ती याच कक्षीय वेगामुळे, सूर्यात तसं काही घडत नसतं. म्हणून प्रत्येक उताराशेजारी एसडीओचा त्या क्षणीचा वेग लिहून ठेवा.

भारताच्या आदित्य-एल१ सौरयानावरचा मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्रमापक) या कामाला चालत नाही. तो यानाजवळचं क्षेत्र मोजतो, सूर्याच्या पृष्ठभागावरचं नव्हे.

जुनी मालिका जोडायची असेल तर सोहो यानावरच्या एमडीआय या आधीच्या उपकरणाचे आकडे एचएमआयच्या सुमारे १.४ पट येतात. एमडीआयची वर्णरेषा निकेलची, ६७६८ अँगस्ट्रॉमची होती. त्यामुळे फायसाठी हा १.४ उसना घेऊ नये.