लारावेलमध्ये लेआउटचं लॉजिक कुठं ठेवायचं

‘ओ साहेब, चादरीचं पान उघडलं तरी वर मेन्यूत टॉवेलच का चमकायलंय?’

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एका चादर-टॉवेल व्यापाऱ्याचा हा फोन. ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आला. वेबसाइट मीच बनवलेली, त्यामुळे कुणावर ढकलायचीही सोय नव्हती. चूक मेन्यूत नव्हती, यादीत नव्हती, डेटाबेसातही नव्हती. लेआउटचं लॉजिक, म्हणजे पानाचा सांगाडा कोणता आणि त्यात काय दिसणार हे ठरवणारा कोड, मी भलत्या ठिकाणी ठेवलं होतं. आता मी ते कुठं ठेवतो आणि का, ते सांगतो. लारावेल (पीएचपीत वेबसाइट बनवायची चौकट) बसवलंय, ब्लेडमध्ये (तिच्या टेम्प्लेट भाषेत) दोन-चार पानं लिहून झालीत, एवढं धरून चालतो.

१. फायली

सांगाडा एका फायलीत, हेडर, फूटर आणि साइडबार वेगवेगळ्या फायलींत. झालं.

२. कोणता लेआउट, हे पानानं सांगायचं

कंट्रोलरमधून ‘साइडबार दाखवा = हो’, ‘लेआउट = दोन कॉलम’ असले झेंडे पाठवू नका. कंट्रोलरचं काम माल आणून देण्याचं. चादरीची बाजूची किनार ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या रंगांत आधीच ठरलेली असते, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यानं कितीही फेऱ्या मारल्या तरी ती बदलत नाही. कंट्रोलर म्हणजे धोटा. त्याला हेडर आहे की नाही, हेही माहीत असायचं कारण नाही.

ग्राहकाचं पान आणि ॲडमिनचं पान यांचे लेआउट सरळ वेगळे करा. एकाच लेआउटमध्ये ‘ॲडमिन असेल तर हे, नसेल तर ते’ अशा सात-आठ इफ घातल्या की सहा महिन्यांनी ती फाइल उघडायला तुम्हीच घाबरता. चार ओळी दोनदा लिहाव्या लागल्या तर लागू द्या.

३. एक्सटेंड्स सोडा, कंपोनंट घ्या

टॉवेलची भानगड इथली. एक्सटेंड्स म्हणजे पानानं ‘माझा लेआउट हा’ असं सांगायची जुनी पद्धत. ते वापरलं की ब्लेड आधी पान चालवतं आणि मग लेआउट. लेआउटला हाक मारताना पानात त्या क्षणी जी जी व्हेरिएबल शिल्लक असतील ती सगळी त्याच्या हातात देतं. माझ्या कंट्रोलरनं ‘कॅटेगरी’ या नावानं चादर बरोबर पाठवली होती. पण पानात डाव्या बाजूच्या यादीसाठी मी फोरईच लूप फिरवला आणि त्यातही नाव ठेवलं ‘कॅटेगरी’. पीएचपीत लूप संपला तरी त्याचं व्हेरिएबल मरत नाही. शेवटच्या फेरीत टॉवेल होते, म्हणून हेडरला टॉवेल मिळाले. सेक्शनच्या (लेआउटमध्ये भरायच्या मजकुराच्या कप्प्याच्या) आत लूप आहे म्हणून तो झाकलेला राहील, अशी माझी समजूत होती. सेक्शन काहीही झाकत नाही.

लूपमधलं नाव बदलून बग जातो, पण भोक तसंच राहतं. म्हणून नवीन कामात लेआउटचा कंपोनंटच (टॅगसारखा वापरायचा स्वतंत्र तुकडा) करा. त्यासाठीचे एक्स-डॅशवाले (x- नं सुरू होणारे) टॅग लारावेल ७ पासून, म्हणजे २०२० पासून आहेत. कंपोनंटला तुम्ही हातानं दिलेलंच मिळतं: शीर्षक, चालू कॅटेगरी, स्लॉट (म्हणजे आतला मजकूर). पानातली बाकीची व्हेरिएबल दाराबाहेर थांबतात. जुना प्रोजेक्ट चालू असेल तर मात्र सगळं एका रात्रीत उलटंपालटं करू नका. नवी पानं कंपोनंटवर घ्या, जुनी हात लागेल तशी बदला.

४. हेडरचा डेटा: इथं माझे दोन आठवडे गेले

हेडरला कॅटेगरींची यादी लागते, वरच्या पट्टीतली सूचना लागते (‘यात्रेनिमित्त दुकान दुपारी बंद’), बास्केटचा आकडा लागतो. पान कोणतंही असो, हे लागतंच. मग आणायचं कुणी?

पहिला सल्ला मिळतो तो प्रत्येक कंट्रोलर मेथडमधून पाठवायचा. बारा पानं होईपर्यंत चालतं. तेराव्या पानात विसरता आणि ते पान लाल एरर देतं.

दुसरा सल्ला बेस कंट्रोलरच्या कन्स्ट्रक्टरचा. हा करूच नका. लारावेल ५.३ पासून कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा मिडलवेअर (सेशन, लॉगिन वगैरे बघणारा मधला कोड) चाललेलंच नसतं, म्हणून लॉगिन केलेला माणूस तिथं सापडत नाही. शिवाय जेसन देणाऱ्या किंवा बिलाची पीडीएफ उतरवणाऱ्या मेथडमध्येही हेडरच्या क्वेरी फुकट पळतात.

तिसरा सल्ला सर्व्हिस प्रोव्हायडरच्या बूटमध्ये (लारावेल सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये) व्ह्यू-शेअर, म्हणजे सगळ्या पानांना एकच डेटा देणारी ओळ लिहायचा. दिसायला देखणा. नव्या सर्व्हरवर मायग्रेट कमांड दिली की कळतं. बूट कमांडलाही चालतो, क्वेरी कॅटेगरींचं टेबल शोधते, ते टेबल तर मायग्रेट झाल्यावर तयार होणार. टेबल बनवणारी कमांड टेबल नाही म्हणून पडते! रात्री साडेअकराला, हुरडा पार्टीहून परत आल्यावर, हे मी अनुभवलंय. व्ह्यू-शेअर दुकानाचं नाव, फोन नंबर असल्या कॉन्फिगमधल्या स्थिर गोष्टींसाठी ठेवा.

बरोबर उत्तर व्ह्यू कंपोझर. अमुक व्ह्यू (पान किंवा पानाचा तुकडा) छापायच्या आधी हा कोड चालवा, एवढाच त्याचा करार. पण तो कुठं बांधायचा, यावर सगळं अडतं.

मी आधी तारा (*) लिहून सगळ्या व्ह्यूंना बांधला. घरच्या लॅपटॉपवर पान पळत होतं. सर्व्हरवर रखडायला लागलं तेव्हा डीबगबार (क्वेरी मोजून दाखवणारं साधन) लावून पाहिलं. पानावर २४ चादरींची कार्डं, प्रत्येक कार्ड इन्क्लूडनं आणलेलं. इन्क्लूड केलेला प्रत्येक तुकडा ही ब्लेडच्या लेखी स्वतंत्र व्ह्यू असते. २४ कार्डं, शिवाय पान, लेआउट, हेडर, फूटर: कंपोझर २८ वेळा चालला. दर वेळी दोन क्वेरी, म्हणजे ५६. ग्राहकाला दिसत होता एकच मेन्यू.

मग लेआउटला बांधला. क्वेरी कमी झाल्या, पण साइडबारचं पान ‘व्हेरिएबल नाही’ म्हणू लागलं. पान आधी चालतं आणि लेआउट नंतर, हे तिसऱ्या पायरीत सांगितलंच. लेआउटच्या कंपोझरनं आणलेलं पानाला मिळेल कसं?

शेवटी बसलं ते असं. कंपोझर फक्त हेडरच्या तुकड्याला बांधा. ज्याला माल लागतो, त्याच्याच दाराशी. साइडबारलाही तीच यादी हवी असेल तर नोंद करताना दोन्ही तुकड्यांची नावं द्या, पण तारा नको. आता क्वेरी दोनदा होईल, म्हणून कंपोझरच्या क्लासमध्ये यादी प्रॉपर्टीत साठवून ठेवाल. तेवढ्यानं भागत नाही. लारावेल दर खेपेला त्या क्लासचं नवं ऑब्जेक्ट बनवतं आणि तुमची साठवलेली प्रॉपर्टी रिकामीच निघते. तो क्लास लारावेलच्या कंटेनरमध्ये (ऑब्जेक्ट बनवून देणाऱ्या कोठारात) सिंगलटन, म्हणजे एकच ऑब्जेक्ट पुन्हा पुन्हा वापरायचा, म्हणून नोंदवा, मग दुसऱ्यांदा क्वेरी होत नाही. ही एक ओळ सापडायला मला शनिवार-रविवार लागला.

चालू कॅटेगरी मात्र कंपोझरमध्ये शोधू नका. यूआरएल फोडून, रूटचं (कोणत्या यूआरएलला कोणता कोड, या नोंदीचं) नाव ताडून ती काढणारे लोक मी पाहिलेत. ते पानाला ठाऊक असतं. पानानं लेआउटला द्यावं, लेआउटनं हेडरला.

५. पानापुरतं सीएसएस-जेएस

पानातून पुशनं पाठवायचं, लेआउटमध्ये स्टॅक लिहिलेल्या जागी ते छापलं जातं.

६. एररची पानं

यांना नेहमीचा लेआउट देऊ नका. डेटाबेस पडला म्हणून ५०० चं पान लागणार आणि त्या पानाचा हेडर कॅटेगरी मागायला पुन्हा डेटाबेसकडेच जाणार. तुम्ही मराठीत लिहिलेली दिलगिरी ग्राहकाला दिसतच नाही. ४०४ ची गंमत वेगळी: रूटच सापडला नाही तर वेब गटाचं मिडलवेअर चालत नाही, सेशन नसतो आणि लॉगिन केलेल्या माणसालाही हेडर ‘लॉगिन करा’ म्हणतो. माझ्या त्याच व्यापाऱ्यानं यावरही फोन केला होता. आता एररच्या पानावर दुकानाचं नाव, फोन नंबर आणि मुख्य पानाची लिंक, एवढंच असतं.