एकाच लेआउटवर दोन स्केल: एचओ आणि एन यांची जोडी कशी जमवावी

मॉडेल रेल्वेच्या छंदात एचओ मापाचा लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशन, डोंगर मांडलेला देखावा, उभा राहिलेला असतो आणि त्याहून लहान अशा एन मापाच्या दोन-चार गाड्या डब्यात बंद पडून असतात. कधीतरी मनात येतं, ह्या दोन्ही एकत्र का चालवू नयेत? चालवता येतात, आणि नीट मांडल्या तर हातभर खोलीच्या फळीवर दूरचा डोंगर आणि त्यावरून जाणारी गाडी दिसू लागते. नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर मात्र एक गाडी खरी आणि दुसरी तिचं खेळणं वाटते. दोन गाड्यांची तुलना करायला नजरेच्या हाती काही लागणार नाही, ही काळजी घेणं हेच यातलं मुख्य काम आहे.

आधी स्केल आणि गेज वेगळे करा

स्केल म्हणजे खऱ्या वस्तूच्या तुलनेत मॉडेल किती लहान आहे ते प्रमाण. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एचओचं प्रमाण 1:87 आणि रूळ 16.5 मिमी, एनचं 1:160 आणि रूळ 9 मिमी. ब्रिटिश एन मात्र 1:148 आहे, आणि ओओ ह्या दुसऱ्या ब्रिटिश स्केलचे रूळ एचओसारखेच 16.5 मिमी असले तरी प्रमाण 1:76 आहे. म्हणजे रूळ जुळले म्हणून स्केल जुळलं असं होत नाही. ओओची माणसं एचओच्या फलाटावर उभी केली, की डबे ठेंगणे दिसू लागतात.

हा फरक नीट समजला, की एक सोपी वाटही दिसते. एनचे 9 मिमी रूळ 1:87 ने मोजले तर 783 मिमी भरतात. खऱ्या जगातल्या 750 किंवा 760 मिमी नॅरोगेजच्या हे बरंच जवळ आहे. एचओच्या प्रमाणाचे डबे 9 मिमी रुळांवर चालवण्याच्या ह्या प्रकाराला एचओई म्हणतात. त्यात स्केल एकच राहतं, दोन असतात ती गेज. त्यामुळे मोठी गाडी आणि छोटी गाडी एकाच स्टेशनात फलाटाला फलाट लावून उभ्या राहू शकतात आणि काहीच खोटं वाटत नाही. एनचे तयार ट्रॅक वापरले तर स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे दांडे, फार बारीक आणि दाटीने दिसतात. ते माती आणि गवताखाली अर्धे बुजवा किंवा एचओईसाठी बनवलेला ट्रॅक घ्या.

पण तुमच्याकडे खऱ्या एनच्या, म्हणजे 1:160 च्या गाड्या असतील, तर त्यांची जागा एकच: मागे, लांब.

किती मागे? हिशोब करा

160 भागिले 87 म्हणजे साधारण 1.84. एनची गाडी डोळ्याला तिच्या खऱ्या अंतराच्या 1.84 पट लांब उभ्या असलेल्या एचओ गाडीएवढी दिसते. समजा बघणाऱ्याचा डोळा पुढच्या एचओ रुळापासून 60 सेंमीवर आहे आणि एनचा रूळ त्याच्या 30 सेंमी मागे आहे. डोळ्यापासून एनचं अंतर 90 सेंमी, आणि भासमान अंतर 90 गुणिले 1.84, म्हणजे सुमारे 165 सेंमी. फळीवरच्या 30 सेंमीचे दिसताना 105 सेंमी झाले! मला ह्या छंदातला हा सगळ्यात सुंदर हिशोब वाटतो.

यापेक्षा जास्त मागे जायची गरज सहसा पडत नाही, आणि जाऊही नये. घसरलेली गाडी रुळावर ठेवायला हात पोचला पाहिजे, आणि पाऊण मीटरपलीकडे तो सुखाने पोचत नाही.

उंची आणि चौकट

लेआउट टेबलाएवढा बुटका असेल तर वरून सगळी जमीन दिसते आणि दोन रुळांमधलं खरं अंतर लगेच कळतं. फळी जमिनीपासून 120 ते 130 सेंमीवर घ्या, म्हणजे नजर जवळजवळ रुळांच्या पातळीवर येते. मागचा रूळ पुढच्यापेक्षा 8 ते 10 सेंमी उंच उचला. ह्या उंचवट्याच्या कडेमागे मधली जमीन लपते, आणि जी जमीन दिसत नाही तिची खोली मोजता येत नाही.

दोन डोळ्यांनी बघताना जवळच्या अंतराचा अंदाज फार चटकन येतो. म्हणून वर पडदीपट्टी आणि बाजूंना आडोसे लावून खिडकीसारखी चौकट केली तर बघणारा ठरावीक जागी थांबतो आणि भास टिकतो. हा देखावा कडेने बघण्यासाठी नाहीच.

बांधण्याआधी पुठ्ठ्यावर तपासा

खोक्यांची घरं, कागदाचा डोंगर आणि दोन्ही गाड्या नुसत्या ठेवून फोनने फोटो काढा. कॅमेरा बघणाऱ्याच्या डोळ्याच्या जागी हवा. फोटोत एनची गाडी लांबची न वाटता छोटी वाटली, तर मधे काहीतरी असं आहे ज्यावरून मोजमाप होतंय. ते शोधून काढा. बहुतेक वेळा ते माणूस, दार किंवा विजेचा खांब असतो. 1.7 मीटरचा माणूस एचओत साडेएकोणीस मिमी, एनमध्ये साडेदहा मिमी. हे दोघे एका नजरेत आले की खेळ संपला.

म्हणून मधल्या पट्ट्यात माणसं, दारं, खिडक्या, वाहनं काहीच ठेवू नका. तिथे झाडी, खडक, नदीचा काठ, मातीचे चढ चालतात, कारण झुडपाची उंची कुणालाच ठाऊक नसते. एखादं घर हवंच असेल तर टीटी ह्या मधल्या स्केलचं, म्हणजे 1:120 चं घ्या आणि त्याचं छप्परच तेवढं दिसू द्या. पुढून मागे जाणारा रस्ता निमुळता करा: 6 मीटर रुंद रस्ता एचओत 69 मिमी भरतो, एनच्या रेषेपर्यंत तो 37 मिमीवर आला पाहिजे. तो सरळ नेऊ नका, वळवून झाडीत नाहीसा करा.

रंगही अंतर दाखवतात. पुढे भडक हिरवा, गडद सावल्या आणि जाड पोताचं गवत. मागे जाताना रंगात थोडा पांढरा आणि निळसर करडा मिसळत जा आणि पोत बारीक करा. मागची खडी पुढच्यापेक्षा बारीक आणि फिकी हवी. एनच्या चकचकीत नव्या डब्यांवरही मॅट वार्निशचा हात फिरवा, नाहीतर लांबच्या डोंगरावर चमकणारं प्लास्टिक दिसतं.

वीज वेगळी ठेवा

दोन्ही रेषांचा एकमेकींशी विजेचा संबंध नको. साध्या डीसीवर प्रत्येकीला स्वतःचा कंट्रोलर द्या. डीसीसी, म्हणजे रुळांतूनच डिजिटल संदेश देऊन गाड्या चालवायची पद्धत, असेल तर एनसाठी वेगळा बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा भाग) घेऊन त्याचं व्होल्टेज कमी ठेवा. एचओला साधारण 14-15 व्होल्ट चालतात, एनला 12 च्या आसपास पुरे. मार्क्लिन ह्या जर्मन कंपनीची जुनी तीन-वाहक एसी पद्धत पुढच्या एचओ रुळांवर असेल तर जास्तच जपा. तिच्यात दिशा बदलायला सुमारे 24 व्होल्टचा झटका दिला जातो, आणि तो चुकून एनच्या डीसी इंजिनात गेला तर मोटर जळू शकते.

वेग आणि अदलाबदल

ताशी 60 किमी म्हणजे एचओत सेकंदाला 19 सेंमी, एनमध्ये साडेदहा सेंमीहून किंचित कमी. एनची गाडी आपण नकळत जोरात पळवतो आणि तिथेच ती खेळण्यातली वाटू लागते. रुळाशेजारी एक मीटर मोजून खुणा करा. एनच्या गाडीला तेवढ्यासाठी साडेनऊ सेकंद लागले पाहिजेत.

आता सगळ्यात आनंदाचा भाग. एकाच रंगाची, एकाच जातीची, तेवढ्याच डब्यांची गाडी दोन्ही स्केलमध्ये मिळवा. पुढची एचओ गाडी उजवीकडच्या बोगद्यात शिरते आणि आत लपलेल्या रुळावर थांबते. पंधरा-वीस सेकंद काहीच होऊ देऊ नका. मग वरच्या डोंगरातल्या बोगद्यातून तीच गाडी, आता एनची, हळूच बाहेर येते. गाडी चढण चढून लांब पोचली असंच बघणाऱ्याला वाटतं. दोन्ही गाड्या एकाच वेळी दिसता कामा नयेत, आणि बोगद्यांची तोंडं एकावर एक नकोत, किमान हातभर सरकवलेली हवीत. एनचं तोंड एनच्याच मापाचं, आणि त्याच्याभोवती झाडी दाट हवी.

बांधकाम मागून पुढे करा. पार्श्वभूमीचं आकाश, मग एनची रेषा, तिच्यावर तासभर गाडी चालवून खात्री, मग मधली झाडी, आणि शेवटी एचओ. पुढचं आधी पूर्ण केलं तर मागे हात घालताना प्रत्येक वेळी सिग्नल आणि खांब मोडतात. एनच्या डोंगरात मागून किंवा खालून एक काढता येणारी फळी ठेवा, कारण गाडी अडकते ती नेमकी बोगद्याच्या आतच.