हेडफोनला कोणता अ‍ॅम्प लागेल, ते आधी कागदावर काढा

धानाचे पैसे हाती आले तसा पुतण्याने २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन मागवला. तो झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो आणि रात्रीच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी मोबाइलवर ऐकून आपल्या चुका काढतो. आवाज पूर्ण वाढवला, तरी तबल्याचा बायाँ दबलेलाच. "काका, हा तर फुसका निघाला," म्हणत तो परत पाठवायला निघाला होता. हेडफोन चांगलाच होता. त्याला लागतो तेवढा व्होल्टेज मोबाइलमधून निघत नव्हता.

ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात चार अ‍ॅम्प (आवाजाच्या सिग्नलची ताकद वाढवणारी यंत्रं) लावून बघायची सोय नाही. म्हणून निवड कागदावरच करायची. हिशेब शाळेतल्या गणिताचाच आहे.

आधी हेडफोनच्या खोक्यावरचे किंवा कंपनीच्या माहितीपत्रातले दोन आकडे उतरवून घ्या. एक इम्पीडन्स, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर किती मोठा आवाज निघतो ते, डेसिबलमध्ये. दुसऱ्या आकड्यात बहुतेक जण फसतात. कुणी तो १ मिलीवॅटला देतं, कुणी १ व्होल्टला, आणि दोन्ही एकाच मापाचे समजून आपण तुलना करत बसतो. एकेजी के७०२ ला १०५ डेसिबल लिहिलेलं असतं आणि बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोच्या २५० ओहमवाल्याला ९६. वाटतं, के७०२ सहज वाजेल. पण तिचा आकडा १ व्होल्टचा आहे. ती ६२ ओहमची, म्हणून मिलीवॅटच्या मापात ती ९३ वर येते, म्हणजे दोघांत तीच जास्त शक्ती मागते. मापाचं एकक लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावर पैसे लावू नका.

आता किती आवाज हवा ते ठरवा. मी हिशेबाला ११० डेसिबल धरतो. इतक्या आवाजात ऐकायचं, असा याचा अर्थ मुळीच नाही; ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही कामगारांच्या कानांसाठी धरलेली मर्यादा आहे. पण आपण ऐंशीच्या आत ऐकत असलो तरी नाटकाच्या रेकॉर्डिंगमध्ये ढोलकीची थाप क्षणभर कितीतरी वर उसळते. तेवढ्या क्षणापुरती ताकद अ‍ॅम्पमध्ये शिल्लक हवी, नाहीतर थाप चिरकते.

डीटी ९९० प्रोचा हिशेब मांडू. ११० मधून ९६ गेले, राहिले १४. दर १० डेसिबलला शक्ती दहापट लागते आणि वरच्या ४ ला अडीचपट, म्हणजे एकूण २५ मिलीवॅट. ०.०२५ वॅटला २५० ने गुणलं की ६.२५, त्याचं वर्गमूळ २.५. म्हणजे हवेत अडीच व्होल्ट. हाच हिशेब ऑडिओ-टेक्निका एम५०एक्सचा केला (३८ ओहम, ९९ डेसिबल), तर साधारण साडेबारा मिलीवॅट आणि जेमतेम ०.७ व्होल्ट येतात. अ‍ॅपलच्या छोट्या टाइप-सी डोंगलमधून (मोबाइलला हेडफोन जोडायचा अडॅप्टर) १ व्होल्ट निघतो (युरोपात विकतात त्यातून कमी), म्हणून एम५०एक्सवाल्याने अ‍ॅम्पवर खर्च करूच नये. माझं हे ठाम मत आहे.

शेतकऱ्याला हे चटकन कळतं. खोल बोअरला जास्त हेडची मोटर लागते, नाल्यावरून पाणी ओढायला जास्त पाणी फेकणारी. जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज हवा, कमी ओहमच्याला करंट. म्हणून जाहिरातीतला "३२ ओहमला १००० मिलीवॅट" हा आकडा २५० ओहमवाल्याच्या कामाचा नाही. आपल्या ओहमच्या जवळचा आकडा शोधा.

काही अ‍ॅम्पवर ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक असतो, दोन्ही कानांना स्वतंत्र तारांनी सिग्नल देणारा. त्यातून व्होल्टेज दुप्पटीपर्यंत मिळतो. मात्र त्यासाठी हेडफोनच्या दोन्ही कानांच्या तारा वेगळ्या लागतात. डीटी ९९० प्रोची वायर पक्की आणि साध्या जॅकची आहे, तिथे तो जॅक निरुपयोगी.

अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा अडथळा, हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा. ३२ ओहमला ४ च्या आत. जास्त असेल तर काही हेडफोनचा, विशेषतः अनेक ड्रायव्हरवाल्या (आवाज काढणारे छोटे भाग) इअरफोनचा, सूर बदलतो. जुन्या टेपडेकच्या हेडफोन जॅकमागे पुष्कळदा मोठा रेझिस्टर असतो, तो जॅक अशा हेडफोनना वापरू नका.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न: लाइट. उन्हाळी धानाच्या मोटरी सुरू झाल्या की डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार येतो आणि व्होल्टेज झोपतो. त्यातच घरात कुलर. शांत प्रसंगात हेडफोनमध्ये घरघर आली की लोक अ‍ॅम्पला दोष देतात. तपासायची पद्धत सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा. घरघर थांबली तर अ‍ॅम्प निर्दोष, आवाज वीजमार्गाने येतोय. मग लॅपटॉप आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डवर लावा आणि अर्थिंग बघून घ्या. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा पार वाळतो, त्यात पाणी टाकावं लागतं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प चालवला तर भणभण येऊ शकते, साइन वेव्हवाला घ्या. म्हणूनच आपल्या गावांसाठी मोबाइलवरच चालणारा डोंगल किंवा बॅटरीचा अ‍ॅम्प मला अधिक पटतो. लाइन गेली तरी काम थांबत नाही.

कुलरची आणखी एक गोष्ट. डीटी ९९० पाठीमागून उघडा आहे, कुलरचा आवाज सरळ आत येतो आणि माणूस नकळत व्हॉल्यूम वाढवतो. यावर कुठलाच अ‍ॅम्प उपाय नाही. एप्रिल ते जून कुलरसमोरच बसणार असाल तर बंद पाठीचा हेडफोन घ्या.

पुतण्याने शेवटी २ व्होल्ट देणारा डोंगल घेतला. कागदावर त्याच्या हेडफोनचे १०८ डेसिबल होतात, हिशेबापेक्षा दोन कमी. पहिल्या रात्री त्याने जुनंच रेकॉर्डिंग लावलं, व्हॉल्यूम निम्म्याच्या थोडा वर नेला आणि थांबला. दुसऱ्या अंकात आपला ऑर्गन बायाँच्या मागे राहतोय, हे त्याला तेव्हा ऐकू आलं.