केमो आणि शेक एकत्र: वेळापत्रक कसं बसवावं

फुफ्फुसाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या, शस्त्रक्रिया न होणाऱ्या नॉन-स्मॉल सेल (जास्त आढळणारा प्रकार) कॅन्सरमध्ये केमो आणि शेक (रेडिएशन) एकाच वेळी दिले, तर आधी केमो मग शेक यापेक्षा पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण साधारण साडेचार टक्क्यांनी जास्त दिसतं. पण अन्ननलिकेचा गंभीर दाह 4 वरून 18 टक्क्यांवर जातो. त्यामुळे हिंडता-फिरता, वजन टिकलेला आणि किडनी-फुफ्फुस बऱ्यापैकी चालणारा रुग्णच यासाठी निवडावा. ज्याला हे झेपणार नाही, त्याला एकामागून एक देणंच बरं.

तारखा शेकापासून आखायच्या, केमोपासून नव्हे. नेहमीचा डोस 60 ग्रे (शेक मोजायचं एकक): रोज 2 ग्रे, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. जास्त दिलं तर जास्त फायदा, असं इथे नाही. 74 ग्रे देऊन पाहिले तेव्हा रुग्ण उलट कमी जगले.

पहिला दिवस सोमवारचाच धरा. केमोचं औषध सिस्प्लॅटिन (शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर 50 मिलिग्रॅम) 1, 8, 29 आणि 36 व्या दिवशी असतं, म्हणजे चारही सोमवार. सोबतचं इटोपोसाइड (तेवढंच) 1 ते 5 आणि 29 ते 33, म्हणजे सोमवार ते शुक्रवार. सुरुवात गुरुवारी केलीत, तर इटोपोसाइडचे दोन दिवस शनिवार-रविवारी येतात आणि डे-केअर बंद असतं. दुसरी पद्धत, दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल प्रति चौरस मीटर 45 ते 50 मिलिग्रॅम आणि कार्बोप्लॅटिन एयूसी 2 (किडनीच्या कामावरून काढलेला डोस), हीसुद्धा सोमवारीच सोपी जाते.

केमोच्या आधी रक्त आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) तपासा. सिस्प्लॅटिनच्या सलाईनला तासन्‌तास जातात, म्हणून त्या दिवशी शेकाच्या मशीनची वेळ उशिराची मागून ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रक्तातल्या पेशी कमी आल्या की केमोबरोबर शेकही थांबवणं. केमो पुढे ढकलली तरी शेक सहसा चालू राहतो. ताप, धाप किंवा पेशी फारच खाली गेल्या असतील तर गोष्ट वेगळी, तो निर्णय डॉक्टरांचा. खंड पडला की उरलेल्या कॅन्सरपेशी वाढायला लागतात, म्हणून बुडालेला दिवस शेवटी जोडण्यापेक्षा शनिवारी भरून काढा. नाहीतर एका दिवसात दोनदा द्या, पण मध्ये किमान सहा तास सोडून; निरोगी पेशी सावरायला तेवढा वेळ लागतो.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गिळताना दुखू लागतं. वेदनाशामक तेव्हाच सुरू करा, मऊ अन्न द्या, दर सोमवारी वजन घ्या. खाणं बंद पडल्यावर धावाधाव केली की शेकाचे दिवस हमखास बुडतात.

मर्यादित टप्प्यातल्या (छातीच्या एकाच बाजूपुरत्या) स्मॉल सेलमध्ये, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या दुसऱ्या प्रकारात, घाई आणखी मोठी. तिथे शेक केमोच्या पहिल्या किंवा दुसऱ्या सायकलबरोबरच सुरू व्हावा. ठरलेली पद्धत 45 ग्रे, रोज दोनदा, तीन आठवडे. सकाळी आठला पहिला झाला, तर दुसरा दुपारी दोनच्या आत नको.

नॉन-स्मॉल सेलमध्ये शेकाच्या शेवटच्या आठवड्यातच पुढच्या सीटीची तारीख घ्या. आजार वाढलेला नसेल तर ड्युर्व्हालुमॅब (प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध) शेक संपल्यापासून 42 दिवसांच्या आत सुरू करायचं असतं. कॅन्सरच्या ईजीएफआर जनुकात बदल (म्युटेशन) असेल तर त्याऐवजी ओसिमर्टिनिबची गोळी. शेक संपल्यानंतर सहा महिन्यांपर्यंत कोरडा खोकला किंवा धाप आली, तर ती सर्दी समजून घरी बसू नका. शेकाने फुफ्फुसाला सूज आलेली असू शकते, आणि तिला वेळेवर स्टेरॉइड लागतं.